वासी उत्तरायण, सॅल्मनचं सँडविच आणि एक चेपलेला टिन

वहिनी: आत्या, ह्यांनी टोरंटोहून सॅल्मनचे दोन टिन आणलेत, प्रत्येकी २१३ ग्रॅमचे. संक्रांतीला नाही, पण वासी उत्तरायणला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, दुपारी सँडविच करावं म्हणते. मुलं सकाळपासून गच्चीवर असतील, आयतं हातात मिळालं तरच खातील. टिनमधला मासा आधी शिजवायचा असतो का? आणि पटकन होणारं काही सांगा ना.

आत्या: शिजवायचा नाही गं. कच्चा मासा आणि मीठ घालून टिन बंद करतात आणि मग बंद टिनच दाबाखालच्या वाफेत, साधारण १२० अंशांवर शिजवतात. आपल्या कुकरसारखंच ते. म्हणून आतलं पाणी म्हणजे माशाचाच रस असतो. उघड, निथळ, कालव, झालं. लेकीकडे व्हँकुव्हरला असते तेव्हा घरी यायला उशीर झाला की आमचं हेच जेवण असतं.

आत्या: टिनवर काय लिहिलंय ते मात्र आधी वाच. पिंक की सॉकाय? पिंक फिकट आणि मऊ असतो, सॉकाय लालभडक आणि चवीला भरदार. सँडविचला पिंक अगदी छान चालतो. आणि बोनलेस लिहिलंय का ते बघ.

वहिनी: पिंक आहे. बोनलेस कुठे दिसत नाही. म्हणजे काटे असणार? मग मुलांचं कसं?

आत्या: असणारच, आणि असलेलेच बरे. इथे सगळ्यांनी नीट वाचा, कारण आपल्याकडे हे काटे वेचून फेकून देतात. इतक्या उष्णतेत टिनमधला काटा पार मऊ होतो. मधल्या कण्याचे छोटे गोल मणके दिसतील. एक मणका बोटात धरून दाब, खडूसारखा चुरा होईल. सगळे काटे-चमच्याने कुस्करून मिसळून टाक, खाताना कळत नाही. सासूबाईंना डॉक्टरांनी हाडांसाठी कॅल्शियम वाढवायला सांगितलंय ना? मग त्यांच्या सँडविचमध्ये तर आवर्जून घाल.

चिऊ: आत्याचं बरोबर आहे. काट्यांसकट पिंक सॅल्मनच्या ८५ ग्रॅममध्ये साधारण १८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. काटे काढले की त्यातलं बहुतेक निघून जातं. शिवाय ड जीवनसत्त्व, जे फार थोड्या पदार्थांत नैसर्गिकरीत्या मिळतं. आमच्या फूड्स अँड न्यूट्रिशनच्या वर्गात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हे उदाहरण हमखास यायचं.

मोठी काकू: पण मुलांना माशाचा काटा चावून खायची सवय लागली तर? उद्या बोंबील, पापलेटाचा काटाही गिळतील.

आत्या: मोठ्या वहिनी, तुमची काळजी खरी आहे. मुलांना स्पष्ट सांगायचं की हे फक्त टिनच्या माशाचं. कढईतल्या माशाचा काटा कडकच राहतो, तो काढूनच खायचा. आणि अगदी लहान असेल त्याच्या वाटणीचे मोठे मणके काढून ठेवा, हट्ट नाही.

काका: मी उद्या सकाळी खंडेराव मार्केटला जातोय. काय काय आणू? रावस मिळाला तर तोही बघू का? त्यालाही इंडियन सॅल्मन म्हणतातच.

चिऊ: काका, रावस वेगळ्याच कुळातला मासा आहे, आपल्या किनाऱ्यावरचा. सॅल्मन थंड पाण्यातला. रावस उत्तम आहे पण तो ताजा आणून शिजवा. टिनसारखी चव आणि मऊ काटे त्यात येणार नाहीत.

आत्या: तुम्ही शेपू आणा भाऊ. सुवा म्हणून मागा, कोवळी जुडी बघून. युरोपात सॅल्मनबरोबर शेपू घालायची फार जुनी रीत आहे, आणि आपल्याकडे थंडीत तो ढिगाने मिळतो. आपल्या घरात शेपूची भाजी बघून नाक मुरडणारेसुद्धा यात आवडीने खातात, कारण कच्चा आणि एखादा चमचाच असतो. लिंबं, काकडी, कोथिंबीर, पातीचा कांदाही आणा.

वहिनी: आता प्रमाण सांगा, मी लिहून घेते.

आत्या: लिही. टिन उघडून चाळणीत उपड, चमच्याने हलकं दाबून रस पूर्ण निथळू दे. करडी कातडी आवडत नसेल तर काढ, ठेवली तरी बिघडत नाही. काकडी मधोमध चिरून बिया काढायच्या, बारीक चिरायची, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळायची. कांदा बारीक चिरून गार पाण्यात पाच मिनिटं ठेव, म्हणजे उग्रपणा जातो, मग तोही पिळून घे. एका टिनला मेयो तीन मोठे चमचे, अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर शेपू, मिरपूड आणि मोहरीचा तयार सॉस असेल तर पाव चमचा. मीठ वरून घालू नको, टिनमध्ये आधीच आहे. शेवटी चव घे आणि मग ठरव.

सगळं गणित पाण्याचं आहे. मासा, काकडी, कांदा तिन्ही कोरडे केले नाहीत तर अर्ध्या तासात ब्रेड लगदा होतो. आणि फार कालवू नको, माशाचे तुकडे थोडे दिसले पाहिजेत.

वहिनी: मेयो इथे सगळीकडे एगलेसच मिळतं. चालेल ना? की निम्मा चक्का घालू? घरचं दही आहे, फडक्यात बांधून ठेवते.

आत्या: एगलेस चालेल. निम्मं मेयो, निम्मा चक्का केलास तर मला जास्त आवडेल, तोंडाला हलकं लागतं.

मोठी काकू: मासे आणि दही एकत्र? आमच्याकडे कधीच नाही. विरुद्ध आहार म्हणतात त्याला. अंगावर डाग येतात म्हणायची आमची आई.

चिऊ: मोठी काकू, चरकसंहितेत मासे आणि दूध एकत्र घेऊ नये असं आहे, म्हणून घराघरांत हे पाळतात. पण बंगाली घरांत दही घालून केलेली दोई माछ पिढ्यान्‌पिढ्या खातात, आणि पांढरे डाग माशाबरोबर दही खाल्ल्याने पडतात याला आधुनिक वैद्यकात आधार नाही. तरी तुम्हाला मनाला पटत नसेल तर तुमच्यापुरतं वेगळं करू.

आत्या: हो. मोठ्या वहिनींच्या वाटणीचं तेल, लिंबू, मिरपूड आणि शेपू एवढ्यावर कालवा. तेही सुंदर लागतं, उलट माशाची चव जास्त कळते.

मोठी काकू: मग माझ्यासाठी तसंच कर गं. त्यात थोडी हिरवी मिरची घाल.

दादा: मी आत्ता बॅगेतून टिन बाहेर काढले. एकाची वरची कड प्रवासात चेपलीय. फुगलेला नाही, गळतही नाही. फोटो टाकतो. हा आधी वापरून टाकायचा ना?

चिऊ: दादा, नको. नीट बघितला फोटो. पत्रा जिथे दुमडून झाकण बसवलेलं असतं, बरोबर तिथेच चेप आहे. मधल्या भागावर उथळ पोचा असता तर चाललं असतं, पण जोडावर चेपलेला टिन वापरू नये. तिथे डोळ्याला न दिसणारी फट पडू शकते.

दादा: अगं पण इतक्या लांबून आणलाय. उघडून वास घेऊन बघू, खराब असेल तर टाकू.

चिऊ: वासावर जाऊ नकोस. बॉट्युलिझमचं, म्हणजे बंद डब्यात वाढणाऱ्या एका जंतूचं विष असेल तर वास, रंग, चव यातून कळेलच असं नाही. १९७८ मध्ये इंग्लंडला बर्मिंगहॅममध्ये अलास्काच्या सॅल्मनच्या एकाच टिनमधून चौघांना बाधा झाली, त्यातले दोघे दगावले. त्या टिनला बारीक छिद्र होतं. असं क्वचित होतं, पण गच्चीवर आपली मुलं खाणार आहेत. तो टिन उघडूच नकोस, चाखून तर अजिबात बघू नकोस. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून टाक, गाईकुत्र्यांच्या तोंडी लागता कामा नये.

आत्या: चिऊचं ऐक रे. खाण्याच्या वस्तूत असा हिशोब करू नये.

दादा: बरं. टाकला.

वहिनी: मग आता एकाच टिनमध्ये कसं भागवायचं? आम्ही आठ जण तरी आहोत. निथळल्यावर मासा उरणार दीडशे ग्रॅमच्या आसपास.

आत्या: चार अंडी कडक उकड. पिवळा बलक मेयोत कुस्करून टाक, पांढरं बारीक चिर. सॅल्मनबरोबर अंडं फार छान जमतं, ही काटकसर वाटत नाही. मेयो मग पाच चमचे कर आणि लिंबू थोडं वाढव. आठ सँडविच आरामात होतील. बटाटा घालू नको, तो माशाची चव गिळून टाकतो.

काका: वरून बारीक शेव घातली तर? बडोद्याच्या मुलांना शेवेशिवाय काही लागत नाही.

आत्या: घाला की, पण ज्याने त्याने हातात घेतल्यावर. आधी घालून ठेवली तर मऊ पडते.

वहिनी: आणखी एक. गच्ची शेजारच्यांबरोबर सामाईक आहे, त्यातली दोन घरं जैन आहेत. त्यांची मुलंही आमच्याच फिरक्या धरायला असतात.

मोठी काकू: मग मासा गच्चीवर नेऊच नका. साडेबाराला पतंग खाली ठेवायचे आणि घरात बसून खायचं. वर फक्त चिक्की आणि बोरं. त्यांच्या मुलांनी चुकून उचललं तर त्यांच्या घरच्यांना किती वाईट वाटेल.

चिऊ: हेच सगळ्यात योग्य. तसंही मेयोचं काही उन्हात ठेवायचं नसतंच. फ्रीजबाहेर दोन तासांच्या वर नाही, आणि हवा ३२ अंशांच्या पुढे गेली तर एकच तास.

वहिनी: ठरलं. शेजारच्या मुलांसाठी चटणी-काकडीचं सँडविच वेगळ्या पाटावर, वेगळ्या सुरीने आधी करून वर पाठवते. कांदा, बटाटा त्यात काहीच नाही.

वहिनी: आदल्या रात्री करून ठेवू का? सकाळी उंधियु गरम करायचा, पाहुणे, मला हात रिकामा नसेल.

आत्या: मासा, अंडं, मेयो रात्री कालवून काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात झाकून फ्रीजमध्ये ठेव. उघडलेल्या टिनमध्येच ठेवू नको. काकडी, कांदा, शेपू सकाळी. ब्रेड हलका भाजून दोन्ही कापांना कडेपर्यंत लोणी लाव, म्हणजे ओल आत जात नाही. आणि मांज्याने बोटं कापलेल्या कोणाला लिंबू पिळायला बसवू नको, झोंबतं फार.

दादा: टिनमध्ये कधीकधी काचेसारखे बारीक खडे निघतात असं ऐकलंय. ते काय असतं?

चिऊ: ते स्ट्रुवाइटचे स्फटिक. माशातल्याच क्षारांचे तयार होतात, अपाय नाही. शंका आली तर खडा कोमट व्हिनेगरमध्ये टाक. स्फटिक हळूहळू विरघळतो, काच विरघळत नाही. विरघळला नाही तर मात्र टिन टाकून द्यायचा.

वहिनी: आणि उरलं तर?

आत्या: फ्रीजमध्येच असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत चालेल. टेबलावर राहिलेलं मात्र परत फ्रीजमध्ये ढकलू नको. उरलेल्यात ब्रेडचा चुरा आणि थोडं आलं घाल, चपट्या टिक्क्या थापून तव्यावर कमी तेलात परत. सोळा तारखेला रात्री वरणभाताबरोबर छान जातील. माझ्या दोन बाजूला काढून ठेव, मी येतेच आहे.