घाटात बरी चालवतो, ट्रॅकवर पहिल्यांदाच चाललोय

वाईचा_गडी:
मंडळी, गाडी ड्यूक ३९०, तीन वर्षं झाली. रविवार उजाडला की पसरणी घाट. मित्रांच्या 'चल रे' ला भुलून कोईम्बतूरच्या कारी स्पीडवेवर, म्हणजे तिथल्या रेसच्या ट्रॅकवर, नवशिक्यांच्या एक दिवसाच्या ट्रेनिंगचे पैसे भरून बसलोय आणि आता पोटात गोळा आलाय. सूट भाड्यानं मिळणार आहे. खरी भीती वेगळीच आहे. मागून सुसाट येणाऱ्यांच्या मध्ये मी येणार नाही ना? आणि घाटातली प्रॅक्टिस तिथे कितपत उपयोगी पडते?

मिरजकरीण:
मी शेहेचाळीसची, म्हणून सरळ अरेतुरे करते. पैसे भरलेस ना, मग निम्मं काम झालं.

दोन वर्षांपूर्वी मी अपाचे आरटीआर २०० घेऊन तिथेच गेले होते. कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, म्हणजे मद्रासच्या ३.७ किलोमीटरवाल्यापेक्षा बराच लहान. लगेच लगेच वळणं येतात, त्यामुळे २०० सीसीवालीलाही कमीपणा वाटत नाही. तुझी ३९० तर चिक्कार झाली.

मध्ये येण्याचं म्हणशील तर ती काळजी तुझी नाही, मागच्याची आहे. ज्याला पुढे जायचंय त्यानं बघून जायचं. आरसे तर आधीच काढायला लावतात. तू तुझ्या ओळीनं, म्हणजे वळणातून जायच्या ठरलेल्या मार्गानं, जात राहायचं, बस्स. मागून आवाज आला म्हणून दचकून बाजूला झालास की मागच्याचा अंदाज चुकतो. मी एकदा भला माणूस होऊन 'जा बाबा पुढे' असा हात केला, तर कोचनं पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, बोलावून चांगलं झापलं. हँडलवरचा हात सोडलाच कसा म्हणून.

आता घाट. घाटात आपण डाव्या कडेला धरून, दोन बोटं ब्रेकवर ठेवून, वळणापलीकडून एसटी येणारच असं समजून चालवतो. रस्त्यावर तेच बरोबर, ते सोडू नकोस. पण ट्रॅकवर समोरून कोणीच येत नाही. उजवं वळण असेल तर आधी पार डाव्या कडेला जायचं, मग आत शिरायचं आणि बाहेर पडताना पुन्हा डाव्या कडेपर्यंत गाडी सोडायची. मला हे अंगात उतरवायला अख्खी सकाळ लागली. एवढं रुंद मोकळं डांबर, आणि मी आपली कडेकडेनं, जणू मागून उसाची ट्रॉली येतेय.

पहिल्या सेशनला तर ब्रेकला हातच लावू दिला नाही. एकच गिअर, ब्रेक नाही. मला वाटलं, थट्टा चाललीय. पण ब्रेक नाही म्हटल्यावर अ‍ॅक्सिलेटर कुठे सोडायचा हे आधीच ठरवावं लागतं, आणि दहाएक चकरांत वेगाचा अंदाज असा येतो की काय सांगू. वळणात शिरलं की अ‍ॅक्सिलेटर अगदी हळूहळू, न थांबता उघडत राहायचा. वजन मागच्या चाकाकडे सरकतं आणि गाडी शांत होते. मधेच सोडला की पुढचं सस्पेन्शन खाली बसतं, गाडी डुलते, आणि आपण शिव्या टायरला देतो.

वळणावर शंकू ठेवलेले असतात: कुठून वळायचं, आतल्या कडेला कुठे चिकटायचं, कुठे बाहेर निघायचं. एकावर पोचण्याआधी नजर पुढच्यावर गेली पाहिजे. ज्याच्याकडे बघत राहशील त्याच्यावरच जाशील. मी दोन शंकू उडवले.

पडलेही, तेही सांगते. शेवटचं सेशन होतं. दुपारी सांबारभात भरपेट झालेला आणि त्या उन्हात लेदरच्या सूटमध्ये पाणी मात्र जेमतेम. डोकं जड, तरी म्हटलं अजून एक चक्कर. डाव्या वळणात गाडी झुकलेली असताना पुढचा ब्रेक दाबला, चाक निसटलं. वेग फार नव्हता. मला काही झालं नाही, सूटच्या कोपरावर दोनाच्या नाण्याएवढं भोक. पण क्लच लिव्हर मोडला, दुसरा जवळ नव्हता, आणि माझा दिवस तिथेच संपला. तू दोन्ही लिव्हर आणि डावं-उजवं फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) जास्तीचे बॅगेत टाक. दुपारी दहीभात, तोही अर्धाच.

चाकणचा_पाना:
ताईंनी चालवण्याचं सांगितलं, मी गाडीचं सांगतो. साडी गार्ड काढ. हसू नको, दर वेळी कुणीतरी तसाच येतो. आरसे, नंबरप्लेट काढायची, हेडलाइट-इंडिकेटरवर चिकटपट्टी, म्हणजे फुटलं तरी काच ट्रॅकवर पसरत नाही. ट्रेनिंगवाल्यांना विचार, बरेच जण कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) काढून साधं पाणी भरायला लावतात. कूलंट सांडलं की डांबर तेलासारखं होतं, आणि मागचे चौघे त्यावरून घसरतात. ब्रेक पॅड अर्धे झाले असतील तर बदलूनच जा. हवा तिथे कोच सांगेल तशी. रस्त्यावरच्यापेक्षा बहुधा कमी ठेवायला सांगतात, कारण टायर तापला की प्रेशर वाढतं.

आणि गाडीचा इन्शुरन्स काढून वाच. रेसिंग, स्पीड टेस्टिंग त्यात धरत नाहीत. पडलास तर खर्च खिशातून.

ट्रॅकच्या कडेनं दाखवतात ते झेंडे पाठ कर. पिवळा दिसला की ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन बंद. तेव्हाही कचकन ब्रेक मारायचा नाही, मागच्यांना कळावं म्हणून हात वर करून (इथे मात्र हात सोडलेला चालतो) सावकाश पिटमध्ये यायचं.

वाईचा_गडी:
ताई, लय भारी. रविवारी घाटातच शंकू ठेवून बघू का?

मिरजकरीण:
अजिबात नको. नजर पुढे टाकायची सवय घाटात कर, डाव्या बाजूला राहूनच. ओळीबिळीचं तिथे गेल्यावर.

वाईचा_गडी:
बरं. शेवटचं, गाडी न्यायची कशी? चालवत गेलो तर?

मिरजकरीण:
पुण्यापासून अकराशेच्या वर किलोमीटर पडतात. पोचेपर्यंत मनगटं गेलेली असतील, आणि मागचा टायर मधे चपटा. मी पुण्याहून रेल्वे पार्सलनं पाठवली. आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स लागतात, गोणपाटात बांधून घ्यावी लागते. आरसे आधीच काढ, नाहीतर ते पोचणारच नाहीत. टाकी पूर्ण रिकामी करून घेतात, थेंब ठेवत नाहीत. म्हणजे कोईम्बतूरला उतरल्यावर पहिल्यांदा गाडी ढकलत पंप शोधायचा. मी रात्री अकराला ढकलली. तू दिवसा पोचेल असं बघ.