साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) जुन्या पवनचक्क्या काढून मोठ्या लावाव्यात का?

सडेकरी:
चाळकेवाडी, वनकुसवडे, सांगलीकडे गुढे-पाचगणी. इथल्या बऱ्याच पवनचक्क्यांनी विशी ओलांडलीय. कित्येक ३५० किलोवॉटच्या, रोटरचा (फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा) व्यास ३३ मीटर. गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं की सुटा भाग मिळत नाही आणि ऐन जुलैच्या वाऱ्यात मशीन बंद पडून राहतं. नवा डोंगर उकरण्यापेक्षा याच जागी २.१ मेगावॉटची, १११ मीटर व्यासाची यंत्रं बसवा. व्यास सव्वातीनपट, पण वारा पकडणारं क्षेत्रफळ ११ पट!

जांभा:
सडेकरी, ११ पट हा अर्धाच हिशेब झाला. दोन यंत्रांत वाऱ्याला आडवं व्यासाच्या ५ पट आणि वाऱ्याच्या रेषेत ७ पट अंतर सोडतात. ३३ मीटरला १६५ मीटर पुरतात, १११ ला ५५५ लागतात. कड्याच्या धारेवर एकच ओळ असेल तर तीन-साडेतीन जुन्या काढून एक नवी, म्हणजे क्षमता पावणेदोन पट. ठीक आहे. पण सपाट सड्यावर दोन्हीकडचं अंतर पाळलं तर ११ जुन्या जाऊन एकच नवी येईल. ३,८५० किलोवॉट काढायचे आणि २,१०० लावायचे.

सडेकरी:
तुम्ही यंत्राच्या पाटीवर लिहिलेली क्षमता मोजताय, मीटर युनिट मोजतो. त्या अकरांचं मिळून क्षेत्रफळ नव्या एकीएवढंच, पण नवीचा रोटर वर आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट होते. ५० ऐवजी १०० मीटरवर गेलं की वेग साधारण १० टक्के वाढतो, म्हणजे शक्ती एक तृतीयांशाने जास्त. शिवाय दहा मनोरे कमी.

जांभा:
ते १० टक्के सपाट माळरानाचे. कड्यावर वारा चढून येतो, तिथे जमिनीलगतच त्याचा वेग वाढलेला असतो. वर गेल्यावर तेवढी भर पडत नाही आणि धारेजवळ भोवरे उठतात. वर्षभर मास्ट (वारा मोजायचा खांब) लावून मोजल्याशिवाय आकडा सांगू नये. आणि ५० मीटरच्या पुढचं अखंड पातं बोरणे घाटाच्या वळणातून वर न्यायचं कसं? वळणं कापावी लागणार. वर क्रेनसाठी मुरमाचं सपाट पॅड, पायाला शेकडो घनमीटर काँक्रीट. जांभ्या खडकावर माती बोटभर. पावसाळ्यात पाणी ज्या उथळ खोलगटात साचतं त्यावरच फुलं जगतात. रस्ता आडवा गेला की ते पाणी दुसरीकडे वळतं, फुलं संपतात. शेजारच्या कास पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा शिक्का मिळाला म्हणून आपण मिरवतो ना?

पाखरू:
चाळकेवाडीवरच झालेला अभ्यास २०१८ साली छापून आला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट. चक्क्यांखाली ससाणे-घारी कमी, म्हणून सरडे वाढले. इतके निर्धास्त की माणूस अगदी जवळ गेला तरी हलत नाहीत. मनोरे कमी झाले म्हणून शिकारी पक्षी परततील, असं धरून चालू नका. नव्या चक्कीचं पातंही खाली साधारण ४५ मीटरपर्यंत येतं, जुनीपेक्षा फार वर नाही.

माणदेश:
आमच्या जत-कवठेमहांकाळकडे अजून म्हणतात, चक्क्यांनी ढग पळवले. त्याचं काय?

पाखरू:
दादा, तो पट्टा पर्जन्यछायेतला. १९७२ च्या दुष्काळात कुठली चक्की होती? विरोधाला खरी कारणं आहेत, हे नको.

कोयनाकाठ:
एक मुद्दा राहिलाच. इथला मुख्य वारा जून ते सप्टेंबर. तेव्हा शेतीपंप बंद, मागणी कमी, म्हणून काही जण ही वीज बिनकामाची म्हणतात. पण कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला जूनपासूनच्या जलवर्षात ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. जुलैत वाऱ्यावर भागलं तर त्या कोट्यातलं पाणी एप्रिल-मेच्या संध्याकाळसाठी उरतं, आणि कोयनेची यंत्रं काही मिनिटांत सुरू होतात. मी बदलाच्या बाजूने आहे, पण फक्त धारेवरच्या ओळीत, आहे त्याच रस्त्यांवर.

जांभा:
मग ग्रामसभेच्या ना-हरकतीतच लिहून घ्या: जुना पाया जमिनीखाली किमान एक मीटर फोडून काढायचा, केबलचे चर बुजवायचे, पाती तालुक्याबाहेर न्यायची, आणि या खर्चाची रक्कम काम सुरू व्हायच्या आधी बँकेत. लोखंड-तांब्याला भंगारवाला धावत येतो. फायबरच्या पात्याला कोणी हात लावत नाही, ती सड्यावरच पडून राहतात.