डेलाहे १३५ : नाव एकच आणि गाड्या इतक्या वेगवेगळ्या कशा?

चाकवेडा :
सध्या युद्धाआधीच्या फ्रेंच गाड्यांचे फोटो बघत बसलोय आणि या डेलाहे १३५ ने डोक्याचा पार भुगा केलाय. एका फोटोत साधी नीटस कूपे (दोन दारांची बंद गाडी), दुसऱ्यात पुढची-मागची सगळी चाकं झाकून टाकलेली आणि मडगार्ड थेंबासारखे फुगलेले, पण खाली नाव दोन्हीकडे १३५च. मग खरी कुठली? आणि फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात ना, मग स्टिअरिंगपण उजवीकडेच कसं काय? शिवाय कुठेतरी वाचलं की हिला रिव्हर्सचे चार गिअर होते. थापा आहेत का या?

जुनं_लोखंड :
दोन्ही खऱ्या. त्या काळात डेलाहेवाले पॅरिसच्या कारखान्यात चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन, गिअरबॉक्स एवढंच बनवायचे, बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून चढवून घ्यायचं, म्हणजे शाप्राँ, सावचिक, लेतुर्नर ए मार्शां, गिलोरे वगैरे. तुमची ती चाकं झाकलेली बहुतेक फिगोनी ए फालास्कीची असणार, १९३६ च्या पॅरिस सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोटार प्रदर्शनात, त्यांनी तशी एक उघडी दोनसीटर मांडली आणि तिथपासून ती फॅशनच झाली. त्यामुळे १३५ म्हणजे खरं तर चॅसीचं नाव धरा. जाँ फ्रान्स्वा नावाच्या इंजिनिअरने केलेली, चांगली बसकी, पुढे आडवा स्प्रिंगचा पाटा टाकून इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणार. मला विचाराल तर बॉडीपेक्षा कौतुक या चॅसीचं व्हायला पाहिजे, पण फोटोत ती दिसत नाही ना.

उजव्या स्टिअरिंगचं म्हणाल तर बुगाटी, डेलाज, टॅल्बो सगळ्यांचंच तसं होतं. भारी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे हा जुना रिवाज, आणि आल्प्सच्या घाटात रस्त्याची कड ड्रायव्हरला नीट दिसते हा फायदा.

घाटवळण :
रिव्हर्सची थाप नाहीये, पण ते सगळ्या १३५ ना लागू नाही. साधा चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळायचा किंवा मग कोताल नावाचा. कोतालमध्ये एपिसायक्लिक गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) असतात आणि ते पकडायला-सोडायला इलेक्ट्रोमॅग्नेट. स्टिअरिंगखाली एक चिमुकली दांडी, ती बोटाने इकडची तिकडे केली की गिअर बदलला, क्लच फक्त गाडी हलवताना आणि थांबवताना. पुढे जायचं की मागे हे ठरवायला खाली वेगळा दांडा असतो, म्हणून तो मागे टाकला की तेच चारही गिअर रिव्हर्समध्ये मिळतात!! चौथ्यात टाकून रिव्हर्स कोण मारणार ते सोडा. फक्त सगळा कारभार करंटवर, बॅटरी रुसली की गिअरबॉक्सपण रुसला.

चाकवेडा :
भारीच की. पण इंजिन म्हणे ट्रकचं होतं? मग हिला स्पोर्ट्स कशाला म्हणायचं?

जुनं_लोखंड :
ट्रकवरूनच आलेलं, हो. सरळ सहा सिलिंडर, पुशरॉडवाले (म्हणजे दांड्यांनी उघडणारे) ओव्हरहेड व्हॉल्व्ह, आधी ३.२ लिटर आणि नंतर १३५ एम मध्ये ३,५५७ सीसी. बुगाटी ५७ चे ट्विन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन शाफ्ट) बघून आलेल्या माणसाला हे गावठी वाटेल, पण ट्रकचं म्हणजे दणकट, तासन्‌तास ताणलं तरी कुरकुर नाही, आणि तीन कार्ब्युरेटर लावले की शंभराच्या वर हॉर्सपॉवर आरामात. लांब पल्ल्याच्या टूरिंगला आणखी काय हवं? १९३८ ची ल मांची चोवीस तासांची शर्यत बघा ना, सोमेर आणि बिओंदेत्ती या ड्रायव्हरांची आल्फा रोमिओ भलतीच पुढे होती, पण ती मोडली आणि शाबो-त्रेमूलेची १३५ जिंकली, दुसरी आली तीपण डेलाहेच. नशीब म्हणा हवं तर, पण चोवीस तास टिकलं तरच नशीब कामाला येतं.

रंगारी_७ :
सगळे फिगोनीवर फिदा, मी नाही. झाकलेल्या मडगार्डात पुढची चाकं वळायला जागा हवी म्हणून अख्खी बॉडी फुगवायची, त्यात वजन वाढणार, ब्रेकला वारा नाही, पंक्चर झालं तर आधी पत्रे काढत बसा. आणि ब्रेक कसले तर केबलने ओढायचे ड्रम, घाटात उतरताना तेच तापणार. दारात उभी करून मिरवायला ठीक. चालवायची असेल तर शाप्राँची कूपे घ्यावी, साधी रेघ पण नजर हटत नाही.

घाटवळण :
रंगारी, मिरवायलाच घेत होते हो लोक! कारची सौंदर्यस्पर्धा हा तेव्हाचा मोठा सोहळा असायचा, मालकीणबाई गाडीला शोभेल असा पोशाख करून यायच्या. पण चालवणारेही होते. माँटे कार्लो रॅली १९३७ ला १३५ नेच मारली, १९३९ ला परत, फक्त तेव्हा हॉचकिस या दुसऱ्या फ्रेंच गाडीबरोबर बरोबरी झाली, म्हणजे पहिला नंबर दोघांचा.