‘नाती गळून पडतात’ म्हणे. मग सासूबाईंना उचललं कोणी?

अबोली

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मजकूर आला. थोडक्यात असा: जागृती झाली की माणसाची नाती आपोआप गळून पडतात. जी गळली ती मुळात आपली नव्हतीच. मागे राहिलेले रडतात ते त्यांच्या आसक्तीमुळे, त्यात साधकाचा दोष नाही. खाली हात जोडल्याची रांग लागली होती. मला रात्रभर झोप आली नाही, म्हणून लिहिते आहे.

माझे यजमान सात वर्षांपासून साधनेत आहेत. संस्थेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न संस्थेचा नाही. रोज संध्याकाळी सात ते साडेआठ ते देवघराच्या खोलीत बसतात, आतून कडी लावून. गेल्या श्रावणात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. मला एकटीला त्या उचलेनात. मी दार वाजवलं, हाका मारल्या, शेवटी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांना बोलावलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. साडेआठला दार उघडलं. हे म्हणाले, "मला ऐकू आलं होतं. पण संकल्प मोडायचा नव्हता. आणि तू होतीसच ना."

तू होतीसच ना. या तीन शब्दांवर किती जणांची साधना उभी आहे, ते एकदा मोजा. ज्याला जाग आली त्याला घरातली हाक आधी ऐकू यायला हवी की सगळ्यात शेवटी, एवढंच मला विचारायचं आहे.

शून्यवाट

ताई, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण एका प्रसंगावरून सगळा मार्ग मोडीत काढू नका. तो मजकूर मी लिहिलेला नाही, तरी त्यातलं मला पटतं, कारण माझं तसंच झालं. मी बदललो तेव्हा शुक्रवारची बैठक सोडली. पंधरा वर्षांचे मित्र तीन महिन्यांत दिसेनासे झाले. लग्नकार्यात उखाळ्यापाखाळ्या काढणं बंद केलं, तर आत्या म्हणाली, "हा आता मोठा शहाणा झाला." मी कुणालाही तोडलं नाही. ज्या गोष्टीमुळे आम्ही जोडलेले होतो तीच माझ्यात उरली नव्हती. याला गळून पडणं नाही तर काय म्हणायचं?

अबोली

दारूचे मित्र आणि जन्मदाती आई एकाच तागडीत घालू नका.

नाशिककर

मी दोघांच्या मध्ये बोलतोय, दोन्हीकडून मार खायची तयारी ठेवून.

२०११ साली मी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. त्याआधीचा मी कसा होतो ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं आहे. मोठा मुलगा माझ्या गाडीचा आवाज आला की गच्चीवर पळायचा.

पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, बाकी काही नाही. चौथ्या दिवशी विपश्यना दिली, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघायच्या, आणि मग तासभर न हलता बसायचं. त्या तासात माझा गुडघा पेटला होता आणि प्रथमच कळलं, की राग येतो तेव्हा आधी छातीत काहीतरी तापतं, शब्द नंतर येतात. त्या मधल्या जागेत थांबता येतं. मला मिळालं ते एवढंच. प्रकाश वगैरे काही दिसला नाही.

आणि ही परंपरा घर सोडायला सांगणारी नाही. ही विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी अर्धशिशीला कंटाळून १९५५ साली ज्यांच्याकडे गेले ते सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. कचेरी सांभाळून शिकवायचे. गुरुजी स्वतः व्यापारी आणि कुटुंबवत्सल. पुढे त्यांच्या पत्नी इलायचीदेवी शिबिरांत त्यांच्या शेजारी बसायच्या. कडी लावून आईला पडू द्या असं यातल्या कुणीही शिकवलेलं नाही. अबोलीताई, तुमच्या यजमानांना जाग आली नसून त्यांना लपायला जागा मिळाली आहे असं मला वाटतं. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

अबोली

राग नाही मानला. ‘लपायला जागा’ हा शब्द मला सात वर्षं सापडत नव्हता.

इंद्रायणीकाठ

ब्रह्मदेशापर्यंत कशाला जायचं? आपल्या देहूचं बघा. तुकोबा घर सोडून गेले का? दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. त्यातून जे जागं झालं ते घेऊन ते त्याच घरात राहिले. कर्जखतांचे दोन वाटे केले, भावाचा भावाला दिला आणि फक्त आपला इंद्रायणीत सोडला. कान्होबाच्या हक्काच्या कागदाला हात लावला नाही. दुसऱ्याला न बुडवता आपण मोकळं होणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. मी सतरा वाऱ्या केल्या आहेत. प्रपंच करूनच परमार्थ हीच आपली रीत.

जुनी वही

आपला वाटा नदीत सोडला, त्या वाट्यावर जगणारी माणसं कोण होती ते लिहायचं राहिलं.

एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि दरवर्षी तुकोबा शिकवताना माझा जीव त्यांच्या दुसऱ्या बायकोपाशी, आवलीपाशी अडकायचा. कीर्तनात उसाची गोष्ट सांगतात. मोळी घेऊन निघालेले तुकोबा वाटेत पोरांना ऊस वाटत आले, घरी एकच उरला, आवलीनं तो त्यांच्याच पाठीत घातला, दोन तुकडे झाले. मंडप हसतो. हसणाऱ्यांत बायकाही असतात. त्या रात्री तिच्या पोरांनी काय खाल्लं, हे एकाही बुवांनी विचारलेलं मी ऐकलं नाही. भंडाऱ्याच्या डोंगरावर रोज भाकरी पोचवणारी ती, आणि पिढ्यान् पिढ्या तिचं नाव कजाग. अबोलीबाई, तुम्हालाही कुणीतरी आसक्त म्हणालंच आहे. प्रकार तोच.

इंद्रायणीकाठ

बाई, तुम्ही शिक्षिका म्हणून मान राखून बोलतो. संतांच्या घरात असं डोकावू नका. आवलीमाईच्या पायातला काटा साक्षात पांडुरंगानं काढला हेही कीर्तनातच सांगतात. तेवढं बरं विसरलात!

जुनी वही

नाही विसरले. काटा काढायला देवाला यावं लागलं, यातच सगळं आलं.

आणि डोकावायचं म्हणता, तर तुकोबांनी दार स्वतःच उघडं ठेवलं आहे. "बाईल मेली मुक्त झाली । देवें माया सोडविली" हे त्यांचेच शब्द. अन्न अन्न करत गेलेल्या बायकोबद्दलचे. हा अभंग वर्गात वाचताना दरवेळी माझा घसा दाटायचा. त्यात दुःख आहे असं मी मुलांना सांगत आले आणि मला ते मनापासून पटतं. पण आज तो व्हॉट्सअ‍ॅपवाला मजकूर लिहिणारा माणूस हाच चरण घेऊन येईल आणि म्हणेल, बघा, नाती गळाली.

इंद्रायणीकाठ

तो चरण एकटा काढून वाचायचाच नाही, त्यांचा दुसरा अभंगही सोबत वाचा! दिवाळं निघालं, दुष्काळानं पिळलं, बायको गेली, जगात अपमान झाला, हे सगळं सोसलेला माणूस देवाला "बरें झालें" म्हणतोय. रडून झाल्यावरचं आहे ते. तुम्ही त्यांना निष्ठुर ठरवताय आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलंय लिहिताना. माझी आई गेली तेव्हा तिच्या उशाशी गाथाच होती.

जुनी वही

निष्ठुर म्हटलं नाही, वर पुन्हा वाचा. आईचं वाचून थांबले. पण माझं म्हणणं मागे घेत नाही.

उलट तुम्हालाच विचारते. तुम्ही सतरा वाऱ्या केल्यात, तर पालखी कुणी सुरू केली?

इंद्रायणीकाठ

नारायण महाराजांनी. १६८५ साली. हे काय विचारणं झालं?

जुनी वही

तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा ते नारायण आवलीच्या पोटात होते. बाप पाहिलाच नाही त्या मुलानं. त्याला वाढवलं त्या कजाग बाईनं, आणि त्यानं बापाच्या पादुका पालखीत ठेवून तुमची-आमची वाट चालू केली. ती चिडून पोराच्या मनात बापाविषयी विष कालवू शकली असती. तिनं तसं केलं नाही. मग त्या घरात जाग कुणाला आली होती?

इंद्रायणीकाठ

…हे असं कधी मनात आलं नव्हतं. तुमच्या बोलण्याचा सूर मला आवडलेला नाही. पण या आषाढीला देहूतून निघताना माईची आठवण काढेन.

शून्यवाट

धागा आवलीवर गेला. मूळ मुद्दा राहिलाच. जागृतीत ‘मी’ बदलतो, मग त्या जुन्या ‘मी’शी बांधलेल्यांना त्रास होणारच. सिद्धार्थ राहुलला झोपेत सोडून गेले नसते तर बुद्ध झाले असते का? काही जणांना जावंच लागतं.

रानजाई

दादा, मी त्या झोपलेल्या मुलाच्या जागेवरून लिहिते आहे.

मी नऊ वर्षांची असताना वडील गेले. साधनेसाठी. वर्षाला एक पोस्टकार्ड यायचं, खाली "ईश्वर सर्वांचा आहे". आईनं शिवणकाम करून आम्हा दोघींना शिकवलं. शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात काय लिहायचं, ते मी दरवर्षी बाईंना विचारायचे. "काही जणांना जावंच लागतं" हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते ऐकलं की हात थरथरतात. आणि राहुल झोपला होता एवढंच लोक सांगतात. तो जागा झाल्यावर काय झालं ते सांगा.

शून्यवाट

माझा हेतू तुम्हाला दुखवण्याचा नव्हता. पण व्यक्तिगत दुःख हा युक्तिवाद होत नाही.

जुनी वही

तुमच्या शुक्रवारच्या मित्रांची गोष्ट काय होती मग?

रानजाई

राहू दे बाई. मला एकच सांगायचंय.

आळंदीला गेले की मी सिद्धेश्वराच्या पिंपळापाशी बसते. विठ्ठलपंत बायकोला टाकून काशीला गेले, संन्यास घेतला. इकडे रुक्मिणीबाई पिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. पुढे विठ्ठलपंतांचे गुरू आळंदीत आले, नमस्काराला वाकलेल्या बाईला त्यांनी ‘पुत्रवती भव’ म्हटलं, आणि ती कोण हे कळल्यावर ते पुढची यात्रा सोडून माघारी फिरले. शिष्याला घरी पाठवलं. आम्हाला ज्ञानोबा, मुक्ताई त्या माघारी फिरण्यातून मिळाले. नंतर गावानं त्या कुटुंबाचं जे केलं, आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यायला लावलं, ते पाप गावाचं. पण तो गुरू मला फार मोठा वाटतो. माझ्या वडिलांना "तुझं दार तिकडे आहे, जा" म्हणणारा कुणी भेटला नाही.

शून्यवाट

हे मान्य. गुरूनं विचारायला हवं, की घरी कोण आहे. मला कुणी विचारलं नव्हतं.

घडवंची

सगळे पुरुषांच्या जागृतीवर बोलताहेत. बाईला जाग आली तर काय होतं ते बहिणाबाईंनी लिहून ठेवलंय, तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाईंनी. कीर्तनाला बसते, वासरू मागे-मागे फिरतं, लोक नावाजतात, म्हणून नवऱ्यानं मरेस्तोवर मारलं. अकरा-बारा वर्षांची पोर. आजही आमच्या जावेनं कांदा-लसूण सोडला, तर घरात तीन महिने रणकंदन. हेच दिरानं सोडलं तेव्हा सासूबाईंनी कौतुकानं वेगळी कढई आणली होती. जाऊ दे, कढईवर लिहायला बसले तर संपणार नाही.

नाशिककर

नमस्कार. मी यांची पत्नी, यांच्याच नावानं लिहिते आहे. यांनी मला सगळं वाचून दाखवलं.

ताट भिरकावण्याचं खरं आहे, आणि ते थांबलं हेही खरं आहे. पण यांनी एक लिहिलं नाही. २०११ मध्ये हे गेले तेव्हा धाकटी सहा महिन्यांची होती. दहा दिवस फोन नाही. मी होतेच ना, अबोलीताई. परत आले तेव्हा गोड बोलायला लागले. मला त्या गोड बोलण्याचाच राग यायचा. ताटाची सवय झाली होती, या नव्या माणसाशी कसं वागायचं ते कळेना. घरात एकट्याचाच आवाज खाली आला की दुसऱ्याचा ओरडा फार मोठा ऐकू येतो. वर्षभर मीच वाईट ठरत होते.

२०१९ मध्ये मी शिबिराला गेले. यांनी रजा काढली. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा बोलायला लागलेल्या बायका मला सहन होईनात. घरी आले तर आठ दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. यांनी एकदाही विचारलं नाही, की काय मिळालं. पहिल्या रात्री पिठलं-भात केला होता, पिठलं लागलेलं होतं, आणि मुलांना सांगून ठेवलं होतं की आईला हळूहळू येऊ द्या. मला तेव्हा पटलं, की यांचं खरं आहे.

अबोली

वहिनी, तुमचं दोनदा वाचलं.

सासूबाई आता काठी घेऊन घरात चालतात. साडेसात वाजताहेत, दार बंद आहे. यांनी साधना सोडावी असं मी सात वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही, शून्यवाट यांना हे सांगायचं राहिलं होतं. उद्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती आतली कडी काढणार आहे. बसा म्हणावं दीड तास, पण दार नुसतं लोटून.

जुनी वही

यांना सांगून काढा. आणि काय म्हणतात ते इथे येऊन लिहा, मी वाट बघते.