मदत हवी आहे: बफेलोहून लेचवर्थ, एका दिवसात, सासूबाईंच्या गुडघ्यांसकट

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत राहतो, सासूसासरे साताऱ्याहून आलेत, या महिनाअखेरीस परत जाणार. नायगारा दोनदा झाला, एकदा दिवसा आणि एकदा रात्री लायटिंग बघायला. आता पुढच्या शनिवारी गाडीने लेचवर्थ स्टेट पार्कला दरी-धबधबे बघायला जाऊन यायचं डोक्यात आहे, सकाळी निघून रात्री घरी. नवरा, मी, आई-बाबा आणि पाच वर्षांची लेक, जिला दर वीस मिनिटांनी शू लागते.

मुख्य प्रश्न पायऱ्यांचा. मे अखेरीस आम्ही उत्साहाच्या भरात वॉटकिन्स ग्लेनला, अशाच एका दरी-धबधब्यांच्या पार्कला, गेलो, तिथे ८३२ पायऱ्या आहेत हे मला तिथे पोचल्यावर कळलं, आधी बघायला हवं होतं, चूक माझीच. आईंचे दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि त्या दोन वर्षं टाळतायत. तर त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या गं, मी बसते इथं," आणि आम्ही खरंच गेलो! दोन तासांनी परत आलो तर मांडीवर सगळ्यांची जॅकेटं, माझी पर्स, लेकीची पाण्याची बाटली घेऊन त्याच बाकावर तशाच बसलेल्या. घरी येताना म्हणतात, "छान होतं हो." काय छान होतं, पार्किंग लॉट? मला तेव्हापासून खातंय ते.

बाबांचं वेगळंच. ते रेल्वेतून रिटायर झालेत, चालायला ठणठणीत, पण "ठोसेघर घराजवळ असताना इथं धबधब्यासाठी पेट्रोल कशाला जाळायचं" हे चालू आहे.

तर कुठल्या गेटने शिरू, गाडीतून उतरल्या उतरल्या दिसतील असे पॉइंट कुठले, आणि दशम्या-चटणीचा डबा नेणार आहे तो कुठे बसून खाता येईल. अजून एक, नकाशात अपर फॉल्स सगळ्यात खाली दाखवलाय आणि लोअर फॉल्स त्याच्या वर, हे काय प्रकरण आहे?

रिकामा_रॉचेस्टरकर

नकाशा बरोबर आहे, जेनेसी नदीच उत्तरेला वाहते, लेक ऑन्टारिओकडे. म्हणून अपर फॉल्स दक्षिणेला. आम्हीपण पहिल्यांदा उलटे फिरलो होतो.

तुम्ही रूट ४०० ने जाऊन रूट २०ए धरा, वॉर्सॉवरून कॅस्टीलच्या गेटने आत शिरा. आधी दक्षिण टोकाला जाऊन धबधबे बघा आणि मग पार्क रोडने उत्तरेला माउंट मॉरिसच्या गेटपर्यंत जाऊन तिथून बाहेर पडा. हे असंच का सांगतोय, तर रस्ता दरीच्या पश्चिम कडेने जातो, उत्तरेला जाताना दरी तुमच्या उजव्या हाताला येते, त्यामुळे थांबायच्या जागा उजवीकडेच लागतात, समोरची ट्रॅफिक कापावी लागत नाही. आणि आईंना पुढे उजवीकडे बसवा. नवऱ्याशेजारची सीट एक दिवस सोडा, काय बिघडत नाही :)

पायऱ्या नकोत तर लोअर फॉल्स विसरा, शंभराच्या वर पायऱ्या आहेत आणि येताना त्याच चढायच्या. इन्स्पिरेशन पॉइंट मात्र सोडू नका, पार्किंगपासून जेमतेम दोन मिनिटं चाल, आणि मिडल फॉल्स, अपर फॉल्स, मागे रेल्वेचा पूल हे सगळं एका फ्रेममध्ये दिसतं. मिडल फॉल्स १०७ फूट, तो ग्लेन आयरिस नावाच्या जुन्या घराच्या समोरच आहे. लेचवर्थ नावाचा एक उद्योजक तिथे राहायचा, त्याने १९०६ मध्ये आपली सगळी हजारभर एकर जागा सरकारला देऊन टाकली. आपल्याकडे गुंठ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, असो.

पुढे ग्रेट बेंडला गाडी लावली की समोरच दरी, नदीने मोठा वळसा घेतलेला दिसतो. डबा वुल्फ क्रीकला खा, टेबलं आहेत. फोनला रेंज नसते, मॅप आधीच डाउनलोड करा. आम्ही गेलो तेव्हा गाडीमागे १० डॉलर होते.

उंडगी

वरच्या सगळ्याला +१. फक्त पुढचा शनिवार म्हणजे कोलंबस डेचा (ऑक्टोबरातली सोमवारची सुट्टी) लाँग वीकेंड ना? पानांचे रंग भरात आणि पार्कातच क्राफ्ट शो असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. शुक्रवारी सुट्टी काढता आली तर बघा, नाहीतर नऊच्या आत पोचा. घडीची खुर्ची न्याच, बाक हवा तिथे कधीच नसतो.

बाबांना पुलाचं सांगून न्या. १८७५ मध्ये लाकडी पूल जळाला, त्याच वर्षी लोखंडी उभा केला, तो थेट २०१७ पर्यंत वापरात होता. आता शेजारी नवा कमानीचा पूल आहे. त्यावरून मालगाड्या जातात, नशीब असेल तर दिसेल.

धागाकर्ती

बापरे, उजवीकडच्या सीटचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. शुक्रवार जमवते. खुर्ची आहे, गराजमध्ये शोधायला हवी.

धागाकर्ती (अपडेट)

जाऊन आलो शुक्रवारी! उशीर झालाय लिहायला, कारण लेकीला सर्दी झाली.

वॉर्सॉच्या अलीकडे डोंगरावर पवनचक्क्या दिसल्या आणि बाबा एकदम, "ही तर आपली साताऱ्याची चाळकेवाडी!" तिथपासून मूड बदलला. कॅस्टीलच्या गेटवर साडेनऊला होतो, मिडल फॉल्सचं पार्किंग अर्धं रिकामं. आई कठड्यापाशी खुर्ची टाकून बसल्या, तुषार अंगावर येत होते तरी उठेनात, आणि पाणी पडतं तिथे खडकाचे थर कसे वडीसारखे कापलेत ते मला दाखवत होत्या. लोअर फॉल्सला कोणीच उतरलो नाही. नवऱ्याला जायचं होतं, पण मी डोळे वटारले.

वुल्फ क्रीकला जेवलो, दशम्या पुरल्या, चटणी कमी पडली. ग्रेट बेंडला वारा इतका होता की लेकीला गाडीतूनच दाखवलं. टॉयलेटसाठी सहा वेळा थांबलो, मोजलंय.

आणि इन्स्पिरेशन पॉइंटला आम्ही उतरलो तेवढ्यात पुलावर खरंच मालगाडी आली. आईंनी माझी पर्स, जॅकेटं, बाटली सगळं बाबांच्या हातात दिलं आणि काठी टेकत कठड्याकडे गेल्या, "धरा हो जरा" म्हणत. बाबा अजून कुरकुरतायत की त्या पसाऱ्यापायी मालगाडीचे डबे मोजायचे राहिले.