भाचीचं वेटलिफ्टिंग: ४८ किलो गट की ५३? अनुभवींचा सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

ताईची मुलगी १६ वर्षांची, यंदा दहावी झाली. चार वर्षं वेटलिफ्टिंग करते. सुरुवात पत्र्याच्या शेडमध्ये, सहा महिने नुसती लाकडी काठी, मग मुलींची १५ किलोची मोकळी दांडी. आता सरावात स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) ५८ किलो, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ७४. गेल्या वर्षी ४९ किलो गटात शालेय राज्य स्पर्धेपर्यंत गेली.

२०२५च्या जूनपासून आंतरराष्ट्रीय महासंघाने वजनगट बदलले. ४९ आणि ५५ गेले, ४८ आणि ५३ आले. पोरीचं वजन ५१, म्हणजे बरोबर मधे लटकलीय. तिचे प्रशिक्षक सर म्हणतात ४८च. तेवढ्याच किलोंवर ५३मध्ये पाचवी-सहावी येईल, ४८मध्ये पदक. पदक म्हणजे बारावीला क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. हिशेब चुकीचा नाही. हर्षदा गरुडने २०२२ला ४५ किलो गटात दोन्ही प्रकार मिळून १५३ किलो उचलून ज्युनियर जागतिक सुवर्ण आणलं, तेव्हापासून आपल्या शेडमधूनही एक हर्षदा निघेल असं सगळ्याच सरांना वाटतं. वाटावंच.

पण ताईकडून जे कळतंय ते बरं नाही. रात्रीचं जेवण बंद. स्पर्धेआधी दोन दिवस पाणी घोट-घोट, जाड जाकीट घालून पळणं. वजन घेतात ते स्पर्धेच्या दोनच तास आधी, तेवढ्यात अंगात काय भरून येणार? मागच्या स्पर्धेत ५५चा स्नॅच दोनदा पडला, तिसऱ्यांदा कसाबसा गेला. जर्क ६८वरच थांबला. आणि चार महिने पाळी आलेली नाही. हे ताईने मला फोनवर आवाज खाली करून सांगितलं. सरांचं उत्तर, "खेळाडू मुलींचं असंच असतं." पॅरिस ऑलिंपिकला एका किलोने पदक हुकलं तेव्हा पाळीचा तिसरा दिवस होता हे मीराबाई चानूने सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्याकडे अजून कुजबुज.

स्वतः खेळलेल्यांनी किंवा मुलगी खेळते अशा पालकांनी सांगा: वाढत्या वयात वरच्या गटात गेल्याने खरंच वर्ष वाया जातं का? पाळीसाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञ की खेळाडूंना तपासणारे डॉक्टर? ताईला धास्ती आहे की डॉक्टर सरळ खेळ बंद करा म्हणतील. (कुणीतरी दिलेला लेबल नसलेला पावडरचा डबा मी बंद करायला लावलाय. उद्या नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) तपासणीत काही निघालं तर निस्तरायचं पोरीनेच.)

सगळ्यात अवघड म्हणजे सरांना सांगायचं कसं. माणूस वाईट नाही. एक रुपया फी घेत नाहीत, तिचे लिफ्टिंगचे बूट त्यांनीच घेतले. "आम्ही ५३मध्ये नाव देतो" म्हटलं तर उपकार विसरल्यासारखं होईल असं भावजींना वाटतं.

"मुलीला हे खेळ कशाला, पुढे लग्नाचं काय" हे कृपया लिहू नका. ते घरी मुबलक मिळतं.

नावं पुढच्या आठवड्यात द्यायची आहेत. पोरीला विचारलं तर म्हणाली, "मावशी, पोटभर जेवू दिलं तर मी ऐंशी मारते."