एक डोळा झाकला की दुसऱ्याची बाहुलीही बदलते

एकाने विचारलंय की नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री एक डोळा मिटून पाहिलं तर पाटी पुसट दिसते, म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला का? तेवढ्यावरून ठरवू नका. दोन्ही बाहुल्यांचा कारभार एकत्र चालतो. एक डोळा झाकला की मेंदूकडे जाणारा उजेडाचा संदेश कमी होतो आणि उघड्या डोळ्याची बाहुलीही किंचित मोठी होते. २-३ मिमीच्या बाहुलीतून चित्र सर्वांत रेखीव पडतं. रात्री ती ६-७ मिमी झाली की भिंगाच्या कडेचे किरणही आत येतात, दिव्यांना फाटे फुटतात, नंबरातली बारीक चूकही जाणवते. शिवाय दोन डोळे मिळून फिकट अक्षरं जास्त चांगली टिपतात. तो फायदाही जातो.

तपासणी दिवसा, घरात करा. डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका; दाबला तर नंतर काही वेळ त्याच डोळ्याने धूसर दिसतं. कार्डाला सुईने साधारण १ मिमीचं भोक पाडून त्यातून कॅलेंडर वाचा. अक्षरं स्वच्छ झाली तर बहुधा चष्म्याचा प्रश्न. नाही झाली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा आणि भिंग तपासून घ्याच. आणि दोन बाहुल्या अचानक एकमेकींपेक्षा लहानमोठ्या दिसल्या, सोबत डोकं दुखत असेल किंवा पापणी उतरली असेल, तर थेट इमर्जन्सीत जा.